बाळाचे वजन होते, आईची विचारपूस राहून जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुपोषण, बालमृत्यू आणि मातामृत्यू या विषयांवर आपल्या दैनिकात सातत्याने लेखन होत असते आणि त्यामुळे ग्रामीण विदर्भाच्या आरोग्याचा प्रश्न शासनदरबारी पोहोचत राहतो, याबद्दल एक जुनी वाचक म्हणून मी आपली ऋणी आहे. त्याच विषयाला लागून असलेल्या, पण बातमीत क्वचितच येणाऱ्या एका दुखण्याकडे आपले, वाचकांचे आणि जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते दुखणे बाळंतिणीच्या मनाचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात ३१ वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील बराचसा भाग माझ्या स्वतःच्या हातून राहून गेलेल्या कामाचा आहे.

निवृत्तीच्या काही वर्षे आधीची गोष्ट. कापूस वेचणीचा हंगाम होता. गावात दुसऱ्या खेपेची एक बाळंतीण होती. पहिली मुलगी, आणि दुसरीही मुलगीच झालेली. चौदाव्या दिवसाच्या भेटीला गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे ‘आशा’ताईंसोबत मीही गेले. बाळाचे वजन वाढलेले होते, ताप नव्हता, नाळ गळून बेंबी कोरडी झाली होती. आई मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि बाळ रडले तरी तिची मान वळत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लेकरू बेस आहे बाई, इचंच काही समजून नाही राह्यलं.’’ मी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘‘लेकराकडे पाह्य, सारं ठीक होते,’’ असे म्हणाले, अर्ज भरला आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे शेजारणीने तिला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणले. त्यानंतर अंगारे-धुपारे झाले, एका देवस्थानाच्या वाऱ्या झाल्या, आणि बऱ्याच उशिरा ती जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. औषधे आणि समुपदेशन दोन्ही मिळाल्यावर पाच-सहा महिन्यांत ती पूर्ववत झाली. आज तिच्या दोन्ही मुली शाळेत जातात आणि ती बचत गटाचे हिशेब सांभाळते. ती वाचली हे त्या शेजारणीचे उपकार आहेत. आम्ही त्या घरी अगदी ठरलेल्या दिवशी गेलो होतो, आणि तरीही ती आम्हाला दिसली नव्हती.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे, जीव घाबरा होणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते आणि बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात विश्रांती, पोटभर जेवण आणि जवळ मायेचे माणूस एवढे पुरेसे असते. परंतु उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिली, झोप बाळ झोपल्यावरही येईना, अन्न गोड लागेना, बाळाबद्दल काहीच वाटेना किंवा त्याच्या काळजीने सतत धसका बसू लागला, आणि ‘मी आई म्हणून नालायक आहे’ असा विचार मनातून जाईना, तर तो प्रसूतीपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. तिसरा प्रकार दुर्मीळ, हजार बाळंतपणांत एखाद-दुसरा, पण अतिशय गंभीर असतो. त्यात बाळंतीण असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, तिला भलतेच संशय येतात. अशा वेळी तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते. गावात या तिन्ही अवस्थांना एकच नाव आहे, ‘बाहेरची हवा लागली’, आणि एकच उपाय आहे, अंगारे-धुपारे; त्यामुळे जी आपोआप बरी होणार असते तिच्यामुळे त्या उपायावरचा विश्वास वाढतो आणि जिला खरोखर डॉक्टरांची गरज असते तिचे महिने वाया जातात.

हे प्रमाण किती आहे? गोव्यात झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मारहाण यांचा त्याच्याशी संबंध होता, आणि मुलगी जन्मली की या गोष्टींचा भार आणखी वाढत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात २०,०४३ मातांची माहिती होती. त्यातही प्रमाण २२ टक्के निघाले. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधराएक बाळंतपणे होतात असे धरले, तर प्रत्येक गावात दरवर्षी अशा तीन आया असतात. माझ्या ३१ वर्षांच्या नोंदवह्यांत या कारणासाठी पुढे पाठवलेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. बाकीच्या कुठे गेल्या, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर जास्त छळतो.

त्या होत्या, पण आमच्या भाषेत बोलत नव्हत्या. आमच्या भागातली बाई ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, डोके भणभणते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, कामात जीव लागत नाही. फार तर ‘टेन्शन आहे’ म्हणते. आम्ही लोहाच्या गोळ्या देत होतो. गोळ्या देणे चूक नव्हते, कारण रक्तक्षयाने आणि थायरॉईडच्या बिघाडानेही असाच थकवा येतो आणि त्या तपासण्या आधी झाल्याच पाहिजेत; चूक ही होती की रक्त तपासून झाल्यावर आमची चौकशी तिथेच संपत होती.

येथे जुन्या चालीरीतींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि रात्री बाळ घ्यायला आई किंवा मावशी, या सगळ्यात बाळंतिणीच्या मनाला सांभाळण्याची जी ताकद होती ती कुठल्याही दवाखान्यात मिळणार नाही. अडचण अशी आहे की ही व्यवस्था मोलमजुरी करणाऱ्या घरांतून निसटत चालली आहे. माहेरची आई स्वतः वेचणीला जाते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेर मिळतच नाही. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी ऐन भरात असली तर दोन महिन्यांची बाळंतीण धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून ओळीला लागते, आणि जी पहिलटकरीण माहेरी सुखात होती ती तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी पोहोचवली जाते तेव्हा नेमकी आमच्या ४२ दिवसांच्या नोंदीतून बाहेर पडलेली असते. जुनी सोबत गेली आणि तिच्या जागी नवे काही आले नाही.

आता मुद्द्याचे. विदर्भातल्या गावांत बाळंतिणीच्या दारापर्यंत जाणारी वाट आधीच तयार आहे, आणि ती वाट विदर्भानेच देशाला दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली आणि जिचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आले, तीच पुढे आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर स्वीकारली गेली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटी ठरलेल्या आहेत. एवढ्या वेळा एखाद्या गरीब स्त्रीच्या घरी जाणारी दुसरी कोणतीही सरकारी व्यवस्था माझ्या माहितीत नाही.

या भेटींच्या अर्जात आईबद्दलचे प्रश्न आहेत: ती दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, रक्तस्राव किती होतो, ताप आहे काय, दुर्गंधीयुक्त स्राव आहे काय, आणि ती असंबद्ध बोलते काय किंवा तिला झटके येतात काय. मनाबद्दल विचारले जाते ते एवढ्याच टोकाला. असंबद्ध बोलण्याच्या अलीकडे जे मोठे दुःख आहे, ज्यात ती शुद्धीवर असते, काम करत असते, बाळाला पाजतही असते आणि आतून विझत असते, त्यासाठी अर्जात रकाना नाही. माझी पहिली मागणी तिथे दोन प्रश्न घालण्याची आहे. ‘गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, निराश राहते काय?’ आणि ‘पूर्वी ज्यात मन रमायचे, त्यात आता रमत नाही असे होते काय?’ अशा आशयाचे हे दोन प्रश्न जगभर प्राथमिक आरोग्य सेवेत वापरले जातात. उत्तर ‘हो’ आले तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी बाळंतिणीचे नैराश्य तपासणाऱ्या एडिंबरा मोजपट्टीचे दहा प्रश्न विचारावेत. ही मोजपट्टी १९८७ पासून वापरात आहे, ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते आणि तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, जो विचारायला आपण सगळेच कचरतो आणि जो विचारल्याने असा विचार मनात येत नाही, उलट ज्या बाईच्या मनात तो आहे तिला तो बोलून टाकता येतो.

प्रश्न कसा विचारावा हे प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहे आणि हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे एका खोलीच्या घरात सासू, नणंद, शेजारीण अशा तिघी जणी बसलेल्या असतात. तिथे सून खरे बोलणार नाही. बाळाचे अंग पुसायला कोमट पाणी आणा म्हणून सासूबाईंना चुलीपाशी पाठवले की पाच मिनिटे मिळतात, किंवा लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाळ दुसरीच्या मांडीवर देऊन आईला बाजूला बसवता येते. आणि एकदा ती बोलू लागली की ‘रडू नको, दूध आटते’, ‘आमची नाही का झाली पाच-पाच बाळंतपणे’, ‘देवाने लेकरू दिलं आणि तू रडते’ ही तीन वाक्ये कोणीही उच्चारू नयेत. मी ती तिन्ही वर्षानुवर्षे उच्चारली आहेत, मायेनेच, आणि प्रत्येक वेळी समोरचे बोलणे थांबले आहे.

आशांवर हे काम टाकून काही निष्पन्न होईल काय, अशी शंका घेतली जाईल. पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत हा प्रयोग झाला आहे आणि तिथले घर, तिथली सासू, तिथली गरिबी आपल्याहून फार वेगळी नाही. आपल्या आशांसारख्याच गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींना थोडके प्रशिक्षण देऊन, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा-अकरा महिन्यांचे होईपर्यंत सोळा भेटींत नैराश्यग्रस्त मातांशी ठराविक पद्धतीने संवाद करायला लावले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या भेटी मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्के अजून आजारी होत्या, तर संवाद मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. त्यातली मला सर्वांत आवडलेली बाब अशी की घरच्यांना ‘तुमच्या सुनेच्या डोक्यावर उपचार करायचे आहेत’ असे सांगितले जात नसे. ‘बाळाची वाढ चांगली व्हावी म्हणून आपण सगळे मिळून काय करू या’ असे विचारले जाई. बाळासाठी म्हटले की सासू पुढे सरकून बसते, हे मी शंभर घरांत पाहिले आहे.

त्या संवादात जादू काही नसते. रात्रीचे सलग चार तास बाळ दुसऱ्या कोणी सांभाळावे आणि आईला झोपू द्यावे, हे नवऱ्याला समोर बसवून ठरवणे. ‘बाळ रडते म्हणजे माझे दूध वाईट आहे’ अशा विचाराला हळूच तपासून पाहणे. दिवसातून एकदा अंगणात येणे, एकदा मैत्रिणीशी बोलणे अशी लहान कामे पुढच्या भेटीपर्यंत ठरवून घेणे. आणि पुढच्या भेटीला ती खरोखर विचारणे. समुपदेशन या जड शब्दामागे असे साधे, चिकाटीचे काम असते. त्याने भागले नाही तर डॉक्टर आहेत आणि औषधे आहेत. स्तनपान चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशीही औषधे आहेत, त्यामुळे ‘औषध घेतले तर बाळाला पाजता येणार नाही’ म्हणून उपचार टाळू नयेत.

आणि परदेशाचे कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला होता. शेतकरी कुटुंबांतील नैराश्यासाठी गावातल्याच कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी काम केले, आणि उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. वऱ्हाडातली माणसे मनाचे बोलत नाहीत असे जे म्हटले जाते, त्याला हे पुरेसे उत्तर आहे.

एका गोष्टीबद्दल मला अधिक लिहिले पाहिजे. या गृहभेटींसाठी आशांना जो २५० रुपयांचा मोबदला मिळतो, त्याच्या अटींत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघे सुखरूप असणे ही एक अट आहे. बाळांचा जीव वाचावा या हेतूनेच ती घातली असणार. पण जिचे बाळ दगावते, किंवा पोटातच जाते, तिच्या घरी मग कोण जाणार? तिच्या छातीत दूध येते आणि प्यायला बाळ नसते. ते कसे थांबवावे, दुखले तर काय करावे एवढेही तिला कोणी सांगत नाही. बारशाला बोलावलेले पाहुणे येतच नाहीत, पाळणा शेजारच्या घरी दिला जातो, आठव्या-दहाव्या दिवशी ती पाणी भरायला निघते आणि बायका तिची दृष्ट आपल्या लेकरांना लागू नये म्हणून पदर सावरतात. बालमृत्यूच्या चौकशीसाठी आम्ही अशा घरी जात असू. अर्जावर बाळाचे वजन, वेळ, कारण लिहीत असू आणि समोर ती बसलेली असे. एकदा एका मुलीने मला विचारले, ‘‘बाई, तुमच्या कागदावर माह्यासाठी काही नाही काय?’’ मला उत्तर देता आले नाही. माझी दुसरी मागणी ही आहे की बाळ गमावलेल्या आईच्या घरी ठरलेल्या सर्व भेटी झाल्याच पाहिजेत आणि त्या भेटींचा मोबदला आशांना पूर्ण मिळाला पाहिजे.

ज्यांच्या आयुष्याला अचानक वळण मिळाले अशी इतरही माणसे आमच्या गावांत अशीच एकटी असतात. शेतकरी नवऱ्याने जीवन संपवल्यावर महसूल खात्याची माणसे येतात, पंचनामा होतो, प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते, आणि पात्र ठरले तर १ लाख रुपयांचे साहाय्य मिळते, त्यातील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. तेरावे झाले की नातलग परततात, आणि सावकार, शेतीचा सातबारा, सासरची कुजबुज व लहान मुले यांच्यासमोर ती बाई पहिल्यांदा एकटी उभी राहते. तिच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणीतरी केवळ विचारपूस करायला जाणे आवश्यक आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ राज्यात सुरू झाला तेव्हा आशांनी घरोघरी जाऊन तणावाची चौकशी करावी अशी योजना होती, म्हणजे कल्पना नवी नाही. तिचा हात बाळंतीण, विधवा, आणि लग्न होऊन परक्या गावात आलेली एकोणीस-वीस वर्षांची नवी सून यांच्यापर्यंत पोहोचायला हवा.

मदतीच्या सोयी कागदावर नाहीत असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे, आणि रुग्णालयात दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे करू नये असेही त्यात म्हटले आहे. ‘हिला भरती केले तर लेकरू कोण पाहील’ या भीतीने थांबलेल्या कुटुंबांना हे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. परंतु आमच्याकडे फोन नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून माझे सांगणे असे की आशा किंवा अंगणवाडी सेविकेने आपल्या फोनवरून क्रमांक लावून द्यावा आणि बाईला खोलीत एकटीला बोलू द्यावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे समुपदेशक महिन्यातून ठराविक दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावेत, कारण जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतीला एक माणूस, आणि पहिल्या भेटीनंतर दुसरी भेट याच कारणाने होत नाही. मेळघाटात कोरकू, आणि आमच्या जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) कोलामी बोलणारी कार्यकर्ती असल्याशिवाय हे काम सुरूच होणार नाही. मनाचे दुःख दुभाष्यामार्फत सांगता येत नाही.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मी जवळून पाहिले आहे. नवे काम वेगळ्या मोबदल्याशिवाय आणि नीट प्रशिक्षणाशिवाय देऊ नये, आणि दिवसभर इतरांचे दुःख ऐकणाऱ्या या बायकांचेही महिन्यातून एकदा कोणीतरी ऐकून घ्यावे.

जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना माझी विनंती आहे की निदान एका तालुक्यात, या वर्षीची वेचणी सुरू होण्यापूर्वी, वर लिहिलेले दोन प्रश्न गृहभेटींत घालून पाहावेत. त्यासाठी आशांच्या प्रशिक्षणात किंवा त्यांच्यासोबत घरोघरी फिरण्यात माझा उपयोग होणार असेल, तर मी कोणत्याही मानधनाशिवाय यायला तयार आहे. आपल्या दैनिकाला शक्य असल्यास १४४१६ हा क्रमांक आरोग्याच्या पानावर नेहमी छापावा, अशीही विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जि. यवतमाळ